मद्रासचे तीन तिमाही अहवाल

९ मार्च १९१४ रोजी मद्रास विद्यापीठाच्या गणित अभ्यासमंडळाकडे एका संशोधक विद्यार्थ्याचा तिमाही अहवाल सादर झाला. दर तीन महिन्यांनी आपल्या कामाचा हिशेब द्यावा, अशी त्याच्या शिष्यवृत्तीची अट होती. ५ ऑगस्ट १९१३ रोजी पहिला आणि ७ नोव्हेंबर १९१३ रोजी दुसरा अहवाल त्याने दिला होता, हा तिसरा. चौथा देण्याची वेळ आली नाही. आठच दिवसांनी, १७ मार्च रोजी, हा विद्यार्थी आगबोटीने इंग्लंडला निघाला. बोटीचे नाव ‘नेवासा’ होते. मराठी माणसाला ते ज्ञानेश्वरीच्या स्थानाची आठवण करून देणारे आहे. विद्यार्थी होते श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन यांचे पुढचे चरित्र सर्वपरिचित आहे. केंब्रिज, प्राध्यापक हार्डी, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, क्षयासारखा आजार आणि ऐन बत्तिसाव्या वर्षी मृत्यू, ही कथा मराठी वाचकांनी अनेकदा ऐकली आहे. मात्र मद्रासला मागे राहिलेल्या त्या तीन अहवालांची कथा फारशी सांगितली जात नाही. तिसऱ्या अहवालाच्या एका भागात रामानुजन यांनी अशा एका प्रश्नाला हात घातला होता, की ज्याच्या आसपास त्याच सुमारास पॅरिसमध्ये एका नव्या गणितशाखेचा पाया घातला जात होता. आज त्या शाखेला संमिश्र गतिकी असे नाव आहे. एकच क्रिया पुन्हा पुन्हा केली असता संख्यांचे काय होते, हा तिचा मूळ प्रश्न होय.

प्रथम हे अहवाल लिहिले कसे गेले ते पाहू. रामानुजन यांचे बालपण कुंभकोणम येथे गेले. तंजावरच्या भोसल्यांच्या जुन्या मुलखातले हे गाव. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथेच झाला होता. रामानुजन यांचे वडील एका कापडदुकानात कारकून होते. गणितापुढे मुलाला दुसरे काही सुचेना. त्यामुळे कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली आणि पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातून दिलेल्या परीक्षेतही अपयश आले. १९०९ मध्ये लग्न झाले. हाती पदवी नव्हती, नोकरी नव्हती. होत्या त्या केवळ सूत्रांनी भरलेल्या वह्या.

या वह्या घेऊन त्यांनी ज्यांचे उंबरठे झिजवले त्यांपैकी बरेचसे सरकारी नोकर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिले व्ही. रामस्वामी अय्यर. ते डेप्युटी कलेक्टर होते आणि १९०७ मध्ये त्यांनीच भारतीय गणित परिषदेची स्थापना केली होती. या परिषदेचे ग्रंथालय पुण्यास, रँग्लर परांजपे ज्याचे प्राचार्य होते त्या फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवलेले होते. दुसरे आर. रामचंद्रराव, नेल्लोरचे कलेक्टर. त्यांनी १९१० च्या अखेरीस रामानुजन यांच्या वह्या पाहिल्या आणि त्यांना पोटापाण्याची चिंता पडू नये म्हणून दरमहा २५ रुपये देण्यास आरंभ केला. १९१२ च्या आरंभी अकौंटंट जनरलच्या कचेरीत २० रुपयांवर काही आठवड्यांची तात्पुरती नोकरी झाली आणि १ मार्च १९१२ पासून मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपये पगाराची कारकुनी मिळाली. तेथील हिशेबखात्याचे प्रमुख एस. नारायण अय्यर स्वतः गणिती होते. कचेरी सुटल्यावर हे दोघे पाटी घेऊन गणिते करीत बसत. कागद महाग, म्हणून पाटी. आणि पाटीवरचे पुसायला फडके शोधण्यात वेळ जातो, म्हणून कोपर! सिद्धता पाटीवर पुसली जाई आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरे.

१६ जानेवारी १९१३ रोजी या कारकुनाने हार्डींना पत्र लिहिले. हार्डींच्या ज्या पुस्तिकेचा उल्लेख त्या पत्रात आहे, तिचा विषयही या कथेशी अगदीच परका नाही. निरनिराळी फले किती वेगाने वाढतात याची ती तुलना करते. एका संख्येपासून नियमाने दुसरी संख्या काढून देणाऱ्या यंत्रणेला गणितात ‘फल’ म्हणतात. पुढील महिन्यात हवामानखात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रास बंदरात तपासणीसाठी आले. हे वॉकर केंब्रिजचे नाणावलेले गणिती होते. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांच्यापुढे रामानुजन यांची वही ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर यांनी विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहून या तरुणाला कारकुनीतून मोकळे करावे असे सुचविले.

गणित अभ्यासमंडळाची सभा १९ मार्च रोजी भरली. अध्यक्ष बी. हनुमंतराव होते. दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षे द्यावी, अशी शिफारस झाली. सिंडिकेटपुढे मात्र अडचण उभी राहिली. नियमानुसार संशोधन शिष्यवृत्तीला एम.ए.ची पदवी हवी. येथे तर इंटरची परीक्षाही उत्तीर्ण नव्हती. तेव्हा न्यायमूर्ती पी. आर. सुंदरम अय्यर यांनी विद्यापीठाच्या कायद्याच्या उद्देशिकेकडे बोट दाखविले. संशोधनाला उत्तेजन देणे हे विद्यापीठाचे एक कार्य म्हणून तेथे नमूद असेल, तर ज्याची संशोधनशक्ती सिद्ध झाली आहे त्याला पोटनियमाच्या आधारे बाहेर कसे ठेवता येईल? हा युक्तिवाद मान्य झाला. १ मे १९१३ पासून रामानुजन विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी झाले. त्यांच्यावर अट एकच घातली होती, ती तिमाही अहवालाची.

आपल्याकडे अशा अटीची टवाळी करण्याची रीत आहे. प्रतिभावंताला कसला अहवाल मागता, असे कोणीही म्हणेल. पण येथे त्या अटीने एक मोलाचे काम केले. वहीत केवळ निष्कर्ष लिहिणाऱ्या रामानुजन यांना अहवालात आपली पद्धत दुसऱ्याला समजेल अशा रीतीने मांडावी लागली. पहिले दोन अहवाल आणि तिसऱ्याचा काही भाग निश्चित समाकलांची मूल्ये काढण्याच्या एका व्यापक सूत्राला वाहिलेला आहे. गणिती आज त्याला रामानुजन यांचे ‘प्रधान प्रमेय’ म्हणतात. त्यानंतर येतो तो पुनरावर्तनाचा विषय.

श्रोत्यांनी मनात ३ ही संख्या धरावी. तिचा वर्ग करावा आणि त्यातून २ वजा करावेत. ७ येतात. ७ वर तीच क्रिया केली की ४७ येतात. ४७ वर केली की २२०७. अशा रीतीने एक पाऊल, दोन पावले, तीन पावले असे आपण चालत जातो. आता प्रश्न असा, की अर्धे पाऊल म्हणजे काय? ३ वरून निघून ७ पर्यंत जाण्याच्या वाटेवर अशी एखादी मधली संख्या आहे काय, आणि अशी एखादी क्रिया आहे काय, की जी दोनदा केली असता ‘वर्ग करून २ वजा करणे’ ही मूळ क्रिया घडावी? व्यवहारात हा प्रश्न खुळचट वाटेल. पण गणितात घातांक पूर्णांकावरून अपूर्णांकावर गेला तेव्हाही असेच वाटले असणार. दोनचा अर्धा घात म्हणजे काय, या प्रश्नातूनच वर्गमूळ आणि घात यांचे नाते कळले. रामानुजन यांनी हाच विचार क्रियांच्या बाबतीत लावला. क्रियेची पुनरावृत्ती अपूर्णांक वेळा करता येईल काय, हे ते विचारीत होते.

वरील क्रिया त्यांच्या कागदांत उदाहरणादाखल येते आणि तिचे मर्म शाळेतल्या बीजगणिताने उलगडते. ३ ही संख्या २.६१८ आणि ०.३८२ या दोहोंची बेरीज मानावी. या दोन संख्या एकमेकींच्या व्यस्त आहेत, म्हणजे त्यांचा गुणाकार १ भरतो. बेरजेचा वर्ग केला की दोघांचे वर्ग मिळतात आणि मधले पद म्हणून २ मिळतात. ते २ वजा केले की उरते फक्त वर्गांची बेरीज. ६.८५४ आणि ०.१४६ मिळून ७ होतात. म्हणजे बाहेरून दिसणारी ‘वर्ग करा, २ वजा करा’ ही क्रिया आतून पाहता केवळ वर्ग करण्याचीच क्रिया आहे. मग अर्धे पाऊल शोधणे सोपे. जो घात दोनदा घेतला की वर्ग होतो तो घात दोनच्या वर्गमूळाएवढा, म्हणजे सुमारे १.४१४. दोन्ही भागांचे हे घात घेऊन बेरीज केली की अर्धे पाऊल मिळाले.

गंमत यापुढे आहे. दोन्ही भागांचा वर्ग न करता घन केला तर? १७.९४४ आणि ०.०५६ मिळून १८ होतात. ही क्रिया बाहेरून पाहता ‘घन करा आणि मूळ संख्येची तिप्पट वजा करा’ अशी दिसते. २७ मधून ९ गेले, उरले १८. वर्ग हे एक पाऊल, चौथा घात ही दोन पावले. तेव्हा घन हे त्यांच्या मधले, सुमारे १.५८५ इतके पाऊल ठरते. १८ ही संख्या ७ आणि ४७ यांच्या मध्ये पडते ती याच कारणाने. वर्ग आणि घन, ज्यांना आपण दोन निराळ्या क्रिया समजतो, त्या एकाच वाटेवरचे दोन मुक्काम आहेत, असे या दृष्टीने दिसून येते. रामानुजन यांची दृष्टी ती हीच. त्यांच्या वहीतील एका प्रकरणात त्यांनी घातांकी फलाच्या पुनरावृत्तीचाही असाच पाठपुरावा केला आहे.

या विचाराचे बीज त्यांच्या आधीच्या एका कोड्यातही दिसते. १९११ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांनी वाचकांना एक प्रश्न घातला होता. एका वर्गमूळाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे, अशी कधी न संपणारी रचना. पहिल्यात १ अधिक दुसऱ्याची दुप्पट, दुसऱ्यात १ अधिक तिसऱ्याची तिप्पट, आणि असेच पुढे. तिची किंमत किती? वाचकांकडून उत्तर आले नाही. शेवटी रामानुजन यांनीच ते दिले. उत्तर होते ३. ही रचना म्हणजे पुनरावर्तनच, फक्त उलट दिशेने चाललेले. वरच्या क्रियेची उलट क्रिया ‘२ मिळवा आणि वर्गमूळ काढा’ अशी आहे. २ च्या वर्गमूळापासून ती सुरू करावी, १.४१४, १.८४८, १.९६२ अशा संख्या येतात आणि त्या २ च्या अधिकाधिक जवळ जातात.

येथपर्यंत मद्रासची हकीकत झाली. आता पॅरिसकडे वळले पाहिजे. कारण हाच विषय तेथे वेगळ्या अंगाने वाढत होता.

पुनरावर्तनाचा विचार युरोपला नवा नव्हता. जर्मनीत श्रोडर यांनी १८७१ च्या सुमारास आणि फ्रान्समध्ये कोनिग्ज यांनी १८८४ मध्ये त्याची सूत्रे शोधली होती. पण तेही बहुतांशी एखाद्या स्थिर बिंदूच्या आसपासच पाहत होते. १९०६ मध्ये पिएर फातू यांनी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. हे फातू पोटासाठी पॅरिसच्या वेधशाळेत ज्योतिर्विदाची नोकरी करीत आणि गणिताचे काम उरलेल्या वेळात करीत. १९१५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने पुनरावर्तनाच्या अभ्यासासाठी १९१८ चे मोठे पारितोषिक जाहीर केले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गास्तों ज्यूलिया नावाचा एकवीस वर्षांचा गणिती युद्धआघाडीवर जबर जखमी झाला होता. त्याचे नाक गेले. पुढे आयुष्यभर त्याने चेहऱ्यावर चामड्याचा पट्टा बांधला. शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात इस्पितळात त्याने पुनरावर्तनावर काम केले. १९१८ चे पारितोषिक त्यालाच मिळाले आणि सुमारे दोनशे पानांचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. फातूंनी स्पर्धेत भाग घेतला नाही. त्यांचे तीन भागांतील विवेचन १९१९ व १९२० मध्ये छापले गेले.

या दोघांनी विचारलेला प्रश्न रामानुजन यांच्याहून वेगळा होता. अर्धे पाऊल म्हणजे काय, हे त्यांनी विचारले नाही. ही वाट शेवटी कोठे जाते, हा त्यांचा प्रश्न होता. शिवाय चालायचे मैदान त्यांनी बदलले. संख्यारेषा सोडून त्यांनी संमिश्र संख्यांची पातळी घेतली, जिच्यात उणे एकचे वर्गमूळही एक बिंदू म्हणून नांदते. पातळीतील काही बिंदू असे असतात, की त्यांच्या अगदी शेजारून निघालेल्या सर्व वाटा एकमेकींच्या संगतीनेच चालतात. उरलेल्या बिंदूंपाशी शेजारी शेजाऱ्याचा राहत नाही. पहिल्या प्रकारच्या बिंदूंच्या समूहाला आज फातूंचे आणि दुसऱ्याला ज्यूलियांचे नाव दिलेले आहे.

‘वर्ग करून २ वजा करणे’ याच क्रियेत हा भेद पाहता येतो. ३ वरून निघालेली संख्या झपाट्याने वाढत अनंताकडे जाते. पण उणे २ आणि अधिक २ यांच्या दरम्यान कोठूनही निघा, संख्या त्या पट्ट्याबाहेर पडत नाही. आतल्या आत भटकत राहते. १.९० पासून निघाल्यास सहाव्या पावलाला सुमारे ०.१९ येतात. १.९१ पासून निघाल्यास सहाव्या पावलाला सुमारे १.८२ येतात. आरंभी शतांशाचाच फरक, आणि सहा पावलांत दोघांची ताटातूट! उणे २ पासून २ पर्यंतचा हा पट्टा म्हणजेच या क्रियेचा ज्यूलिया-समूह होय. रामानुजन यांच्या उदाहरणात हे सारे बीजरूपाने होते. तथापि ते त्यांनी पाहिले होते असे म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. रामानुजन सूत्राच्या मागे होते. सूत्र कोठवर खरे राहते आणि कोठे साथ सोडते, ही चौकशी त्यांच्या त्या वेळच्या स्वभावात नव्हती. फातू आणि ज्यूलिया यांची चौकशी नेमकी तीच होती. एकाच विषयाची ही दोन अंगे होती. त्यांची गाठ पडली असती तर काय झाले असते, हे सांगण्याचे साधन इतिहासापाशी नाही.

गाठ पडली नाही, त्याचे एक कारण मात्र सांगता येते, आणि ते कागदांच्या व्यवस्थेत आहे. फ्रेंच अकादमीत एक जुनी प्रथा होती. संशोधकाने आपला निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवावा; अकादमी त्यावर तारखेची नोंद करी आणि वाद उद्भवल्यास पाकीट उघडी. १९१७ मध्ये ज्यूलियांनी अशी पाकिटे ठेवली होती आणि फातूंचे टिपण प्रसिद्ध होताच अग्रहक्कासाठी ती उघडावयास लावली. या वादात कटुता आली असेल. पण कोणाला काय सापडले हे लगोलग छापले गेले. मद्रासला रामानुजन यांचा अहवाल रीतसर दाखल झाला आणि तेथेच थांबला. विद्यापीठाचा कारभार तेव्हा मुख्यतः परीक्षा घेण्याचा होता. अहवाल मागविण्याचा नियम होता. वाचून त्यावर अभिप्राय देईल आणि छापण्याची तजवीज करील, असा माणूस नेमण्याचा नियम नव्हता. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. अहवाल देणारा विद्यार्थीच आठ दिवसांत परदेशी गेला. त्याला तेथे वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती याच विद्यापीठाने दिली होती. केंब्रिजला त्याचे लक्ष इतर विषयांनी वेधले आणि पुनरावर्तनावर त्याचा एकही निबंध छापला गेला नाही. मार्च १९१९ मध्ये रामानुजन मुंबईच्या धक्क्यावर उतरले ते खंगलेल्या प्रकृतीने, आणि २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले. फातूंचे विवेचन त्याच वर्षी पुरे होत होते.

मूळ अहवाल पुढे नाहीसे झाले. सुदैवाने १९२५ मध्ये त्यांची एक प्रत हाताने उतरवून इंग्लंडला धाडण्यात आली होती. हार्डींनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत त्यातील समाकलांच्या भागाचा परामर्श घेतला. संपूर्ण अहवालांचे सविस्तर विवेचन अमेरिकन गणिती ब्रूस बर्न्ट यांनी १९८३ पासून प्रसिद्ध केले आणि १९८५ मध्ये ते रामानुजन यांच्या वह्यांच्या संपादित आवृत्तीच्या पहिल्या खंडात आले. म्हणजे मार्च १९१४ चा अहवाल जगाने नीट वाचला तो सुमारे सत्तर वर्षांनी.

मधल्या काळात मद्रासला या विषयाचा धागा अगदीच तुटला होता असे नाही. रामानुजन यांच्यामागून केंब्रिजला जाऊन आलेले के. आनंदराव यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात विद्यार्थ्यांची एक पिढी घडविली. त्यांच्यापैकी टी. विजयराघवन यांना हार्डींनी १९२५ मध्ये ऑक्सफर्डला बोलावून घेतले. १९२७ मध्ये रामानुजन यांचे निबंध ग्रंथरूपाने निघाले, तेव्हा त्या पोटापोटातल्या वर्गमूळांच्या कोड्यावर विजयराघवन यांनी एक निकष दिला. अशी न संपणारी रचना केव्हा निश्चित किमतीला पोचते? आतील पदे पुन्हा पुन्हा वर्ग करीत जाण्याच्या गतीहून अधिक वेगाने वाढत नसतील तेव्हा. रामानुजन यांनी सूत्र दिले होते. विजयराघवन यांनी त्याची हद्द आखून दिली. मद्रासमध्ये सुरू झालेल्या चौकशीला तिचे दुसरे अंग मिळाले ते असे.

पुढे अलिगढ, ढाका आणि वॉल्टेअर येथे अध्यापन करीत असता विजयराघवन एका वेगळ्या प्रश्नात गढले. एखाद्या संख्येचे चढते घात घेत गेले, तर ते पूर्णांकांच्या अधिकाधिक जवळ कधी जातात? २.६१८ ही अशीच एक संख्या आहे. तिचा वर्ग ६.८५४, चौथा घात ४६.९७९, आठवा घात २२०६.९९९५. हे पूर्णांक म्हणजे ७, ४७, २२०७! ३ वरून निघालेली ती वाट येथे दुसऱ्या बाजूने पुन्हा भेटते. या संख्यांना आज फ्रेंच गणिती पिसो आणि विजयराघवन या दोघांची जोडनावे आहेत. १९५० मध्ये उद्योगपती अळगप्पा चेट्टियार यांनी मद्रासला रामानुजन यांच्या नावाने गणितसंस्था स्थापिली, तेव्हा तिच्या संचालकपदी विजयराघवन आले. फर्ग्युसन महाविद्यालयात दीर्घकाळ सांभाळलेले भारतीय गणित परिषदेचे ग्रंथालयही पुण्याहून याच संस्थेत नेण्यात आले. १९५५ मध्ये विजयराघवन निवर्तले. संस्था पुढे मद्रास विद्यापीठात सामावली गेली. ज्या विद्यापीठात रामानुजन यांचे अहवाल वाचणारे कोणी नव्हते, तेथे आता गणिताचे एक घर झाले होते. १९६२ मध्ये त्याच शहरात गणितीय विज्ञान संस्था आणि १९८९ मध्ये आजची चेन्नई गणित संस्था यांची भर पडली.

फातू आणि ज्यूलिया यांच्या निबंधांच्या नशिबीही दीर्घ अज्ञातवास आलाच. त्यांत वर्णिलेल्या आकृती हाताने काढणे अशक्यप्राय होते. १९८० च्या सुमारास बेन्वा मान्डेलब्रॉट यांनी संगणकाच्या साहाय्याने त्या कागदावर उमटविल्या. ‘वर्ग करा आणि एक ठरावीक संख्या मिळवा’ एवढ्याच क्रियेतून, ती ठरावीक संख्या बदलत गेले असता, जो समूह तयार होतो त्याचे चित्र आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मोठा गोल, त्यावर लहान गोल आणि कडांना असंख्य अंकुर. या चित्राच्या डाव्या टोकाला एक सरळ शूळ निघालेला असतो. त्याचे अखेरचे टोक उणे २ वर आहे. ‘वर्ग करून २ वजा करणे’ या क्रियेचे स्थान नेमके तेथे आहे. रामानुजन यांचे उदाहरण आणि आजच्या संमिश्र गतिकीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र यांचा संबंध एवढा साधा आणि एवढा अचूक आहे.

या कथेतून कोणाला दोष द्यावयाचा नाही. उलट, एका अल्पवेतनी कारकुनाची वही डेप्युटी कलेक्टर, कलेक्टर, हिशेबनीस, बंदराचा अध्यक्ष, हवामानखात्याचा प्रमुख आणि उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती अशा हातांतून पुढे सरकत गेली, हे आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील एक उजळ पान आहे. त्यांच्यापैकी कोणीही, हे माझे काम नव्हे, असे म्हणू शकला असता. नियमाचा शब्द अडवीत असता नियमाचा हेतू पाहणारा एक माणूस सभेत होता, म्हणून शिष्यवृत्ती मिळाली. आणि अहवालाची अट घातली गेली, म्हणून पाटीवर पुसला जाणारा विचार कागदावर उतरला.

उणीव राहिली ती त्यापुढच्या पायरीवर. कागद मागविणे ही व्यवस्थेची अर्धी कामगिरी झाली. तो समजून घेणाऱ्याच्या हाती पोचविणे ही उरलेली अर्धी. ही उरलेली अर्धी कामगिरी पार पाडण्यासाठी मद्रासला आनंदराव आणि विजयराघवन यांच्यासारखी माणसे घडवावी लागली, संस्था उभाराव्या लागल्या, पुण्याची पुस्तके तेथवर न्यावी लागली. अशा कामाला पिढ्या लागतात. आजही देशातील कितीतरी कचेऱ्यांत आणि विद्यापीठांत तरुण संशोधकांचे अहवाल ठरलेल्या तारखेला दाखल होत असतात. ते उघडून वाचले जातात की नाहीत, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.